भिंतीला न टेकणारं कपाट

आमच्या घरात एखाद्याला नालायक ठरवायचं असलं की 'भिंतीला टेकलाय' म्हणतात. समोरच्या शिंप्याचा जावई कामधंदा सोडून सासऱ्याकडे राहायला आला, तेव्हा बाबांनी त्याला एकदाच नजरेखालून घातलं आणि निकाल दिला, भिंतीला टेकलाय. बाहेरच्यांना यात शिवी कुठे आहे ते कळत नाही. आम्हाला बरोबर कळतं, कारण आमचा धंदा कपाटांचा.

बाबांना सगळी गल्ली मिस्त्री म्हणते. त्यांचा नियम असा की चांगलं कपाट भिंतीपासून चार बोटं लांब उभं राहिलं पाहिजे. खाली पाचर नाही, मागे खिळा नाही, बाजूला टेकू नाही. ज्याला भिंत लागते ते कपाट नव्हे, ती नुसती एकमेकांच्या गळ्यात पडलेली फळकुटं, असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतात. मग परीक्षा होते. कपाटाच्या डोक्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायचा आणि दोन्ही दारं धाडकन उघडायची, धाडकन लावायची. थेंब सांडला तर कपाट फुकट न्या. आजवर कुणाला फुकट न्यायला मिळालेलं नाही. त्या वेळी दुकानातली माणसं श्वास रोखून बघतात, आणि खरं सांगते, मलाही अजून बघावंसं वाटतं.

मी पॉलिश करते. बाबा आणि कारागीर कपाट उभं करतात, दादा ते विकतो, आणि मधलं घासणं-पुसणं, लाख चढवणं माझ्याकडे. लग्न केलं नाही, त्याबद्दल ज्याला जे वाटायचं होतं ते वाटून झालं आहे. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. तो मी आईकडून घेतला असं बाबा म्हणतात, बाबांकडून घेतला असं आई म्हणते, आणि दोघंही हात झटकून मोकळे होतात.

आमचं सगळ्यात नावाजलेलं कपाट दुकानात नाही, आईबाबांच्या खोलीत आहे. लग्न ठरल्यावर बाबांनी ते आईसाठी केलं. तेव्हा ते इतक्या जोशात होते की दाराचं माप घ्यायचं राहूनच गेलं. कपाट खोलीतच जोडलं, आणि ते त्या दारातून कधीच बाहेर निघणार नाही हे मागाहून लक्षात आलं. छताला डोकं लागायला थोडंच कमी, जाडजूड लाकडाचं, सांध्यात सांधा बसवलेलं, एकही खिळा नसलेलं. डोक्यावर पत्र्याची ट्रंक आणि जुनी अंथरुणं. गिऱ्हाईक अगदी खास असलं की बाबा त्याला घरात आणून हे कपाट दाखवतात, आणि आईला भर दुपारी झोप सोडून आवरून बसावं लागतं. सगळे त्याला मिस्त्रींचं कपाट म्हणतात.

आई न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं, त्याला आता वर्ष होत आलं. ऑपरेशन झालं, व्यायाम झाले, पण ती काही पुन्हा उभी राहिली नाही. खोली अरुंद आहे. एका बाजूला खिडकी आणि तिला लागून आईची कॉट, दुसऱ्या बाजूला कपाट, आणि मध्ये कपाटाची दारं उघडतील एवढीच जागा. अंगाने लुळी झाली तरी आई तोंडाने तशी झाली नाही. खिडकीतून ती गल्लीचा सगळा कारभार बघते. भाजीवाल्याला थांबवते, शाळेतून उशिरा येणाऱ्या पोरांची हजेरी घेते, आणि शिंप्याच्या जावयाला तिच्यामुळेच शेवटी नोकरी लागली.

भूकंपाचा पहिला धक्का बसला तेव्हा मी आईचे केस विंचरत होते. आधी वाटलं, रस्त्यावरून एखादी जड गाडी जाते आहे. मग काचा वाजायला लागल्या आणि कॉट जागची सरकली. आईला उचलून पळणं मला शक्यच नव्हतं. मी उशी ओढली, तिच्या डोक्यावर धरली आणि तिच्यावर पालथी पडले. तशी पडल्या पडल्या मान वळवून कपाटाकडे पाहिलं. दारं आपोआप उघडत होती. अख्खं कपाट आमच्याकडे झुकत होतं, मागे जात होतं, पुन्हा झुकत होतं. ट्रंक कडेला आली आणि खाली आदळली, आईच्या उशापासून हातभर अंतरावर. आता आम्ही दोघी मरणार असं मला वाटलं, आणि भीतीपेक्षा जास्त मला त्या कपाटाचा राग आला.

तेवढ्यात बाबा आले. कारखाना अंगणापलीकडे आहे. तिथून ते हलत्या जमिनीवरून, वरून विटांचे तुकडे पडत असताना धावत आले. आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते कपाट आणि कॉटच्या मधल्या जागेत शिरले, दारांना पाठ लावली, दोन्ही हात पसरले आणि कॉटच्या पायाला पाय लावून उभे राहिले. डोळे गच्च मिटलेले होते. धक्का थांबला, गल्लीतून आरडाओरडा ऐकू यायला लागला, तरी ते तसेच उभे होते. मीच त्यांचा हात धरून त्यांना बाजूला केलं.

त्यांनी आईला लागलं का विचारलं, मला विचारलं, मग कपाटाची दारं लावली आणि कडी घातली. म्हणाले, "काही झालं नाही. कपाट हललंसुद्धा नाही."

मला वाटलं, घाबरलेत, काहीतरी बोलताहेत. पण संध्याकाळी सगळी गल्ली रस्त्यावर येऊन बसली होती, तिथेही त्यांनी तेच सांगितलं. शिंप्याच्या घरी भांड्यांचं फडताळ कोसळलं होतं. गल्लीत राहणाऱ्या एका शिक्षिकेच्या घरी पुस्तकांची मांडणी पडून तिचा हात मोडला होता. बाबा प्रत्येकाला सांगत होते की मिस्त्रींचं कपाट जागचं हललं नाही, येऊन बघा. माणसं खरंच येऊन बघून गेली. दुसऱ्या दिवशी दादाकडे दोन कपाटांची मागणी आली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आई झोपली होती म्हणून मी तोंड आवरलं.

नंतरच्या आठवड्यात अग्निशमन दलातली एक बाई शाळेच्या हॉलमध्ये माहिती सांगायला आली. गल्लीने तिचं नाव लगेच बंबवाली ठेवलं. बाई नेटकं बोलायची. धक्का बसला की पळू नका, असाल तिथेच मजबूत टेबलाखाली शिरा, डोकं झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा, असं तिने करून दाखवलं. अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्याला उचलायला जाऊ नका, त्याच्या डोक्यावर आणि मानेवर उशी द्या. पण हे सगळं नंतरचं, आधी घर आवरा, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. उंच आणि जड सामान भिंतीला अँगलने, म्हणजे लोखंडाच्या काटकोनी पट्टीने, आवळा. जड वस्तू खालच्या कप्प्यात. गॅसची टाकी साखळीने बांधा. आणि ज्याच्याखाली माणूस झोपतं अशा जागी उंच कपाट ठेवू नका.

बाबा मागे भिंतीपाशी उभे होते, अर्थात चार बोटं लांब. त्यांनी हात वर केला आणि विचारलं की बाई कुणाच्या कपाटांबद्दल बोलताहेत. हॉलमध्ये हशा पिकला. बंबवालीही हसली आणि म्हणाली, सगळ्यांच्या. बाबांनी मान डोलावली, एखाद्या अजाण पोराचं म्हणणं ऐकून घ्यावं तशी.

मी बाजारातून पिशवीभर अँगल, स्क्रू आणि भिंतीत स्क्रू पकडून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या गिट्ट्या आणल्या आणि कामाला लागले. स्वयंपाकघरातली मांडणी आवळली. टाकीला साखळी घातली. वहिनीच्या खोलीतला आरसा, दादाचा टीव्ही, मुलांच्या पुस्तकांचं शेल्फ, पाणी तापवायचा बंब, काही म्हणून सोडलं नाही. आई खिडकीतून ओरडून सांगायची की माझी पोर घराला टाके घालते आहे, कुणाला घालून हवे असतील तर पाठवा. बाबांनी अडवलं नाही. तो सगळा माल बाजारचा होता, त्याला टेकू लागला तर त्यांना आनंदच होता. पण मी ड्रिल घेऊन त्यांच्या खोलीच्या उंबरठ्यावर गेले, आणि त्यांनी मला तिथेच अडवलं. माझ्या कपाटात भोक पाडायचं असेल तर आधी मला या घरातून बाहेर काढ, असं म्हणाले. आवाज चढवला नाही, आणि न चढवलेला आवाज हाच त्यांचा शेवटचा आवाज असतो.

मग मी आईची कॉट हलवायचं ठरवलं. बाहेरच्या खोलीत जिन्याखाली जागा करता आली असती. पण आईने साफ नकार दिला.

"ही खोली माझी, खिडकी माझी. मी का हलू? ज्याने हलू नये ते कपाट हलतंय, त्याला विचार."

मी तिच्यावरही चिडले. तिला म्हटलं, तू हट्टी आहेस आणि ते गर्विष्ठ आहेत, आणि दोघांच्या मध्ये माझं डोकं फुटणार आहे. ती म्हणाली, तुझं डोकं फुटायचं नाही, दगड फुटेल.

पण माझ्या डोक्यातून ते जात नव्हतं. दुपारी लाख चढवताना मध्येच हात थांबायचा आणि मला झुकणारं कपाट दिसायचं. लहानसे धक्के अधूनमधून बसतच होते. प्रत्येक वेळी मी हातातलं टाकून अंगणाकडे धाव घ्यायचे आणि दारात माझी आणि बाबांची टक्कर व्हायची. दोघंही मागे फिरायचो. पळू नये हे दोघांनाही आता माहीत होतं, आणि दोघंही पळत होतो, कारण आई तिथे त्याच्याखाली पडलेली होती.

शेवटी भांडणाला तोंड फुटलं ते दुकानात. नवीन घर घेतलेलं एक जोडपं आलं होतं, बाईच्या कडेवर तान्हं बाळ. बाळाच्या खोलीसाठी उंच कपाट हवं होतं. बाबांनी पेला ठेवला, दारं उघडली, लावली. पाणी सांडलं नाही. बाई खूश झाली आणि तिने आपण होऊनच विचारलं की हल्ली धक्के बसतात, हे भिंतीला बांधायला लागेल का. बाबा म्हणाले, आमच्या कपाटाला भिंतीची गरज नसते.

हातातलं फडकं मी खाली टाकलं. जमीन स्थिर असताना पेला कुणाचाही उभा राहतो, असं मी म्हणाले. दादा माझ्याकडे डोळे मोठे करून बघायला लागला, पण आता मी ऐकणारी नव्हते.

"बाबा, त्या दुपारी तुम्ही कुठे उभे होतात ते सांगा यांना."

बाबांनी पेला उतरवला, नीट टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी माझ्या बायकोजवळ उभा होतो."

झालं. त्या बाईचे डोळे भरून आले. नवऱ्याने बाबांचा हात हातात घेतला. त्यांनी तेच कपाट घेतलं, आणि मी सगळ्यांच्या नजरेत बापाचा पाणउतारा करणारी कजाग पोरगी ठरले. मला रडू आलं नाही, उलट मी पेटलेच. दोन दिवसांनी हमाल कपाट पोचवायला निघाले तेव्हा मी ड्रिल घेऊन त्यांच्या गाडीत बसले, आणि बाळाच्या खोलीत ते कपाट भिंतीला आवळून आले. दादाला ते कळलं होतं आणि तो मूग गिळून बसला. बाबांना कळलं तेव्हा त्यांनी माझी फडकी, ब्रश आणि लाखेचा डबा दुसऱ्या कारागिराच्या हातात दिला. मला सांगितलं, तुझा हात आता माझ्या लाकडाला लागायचा नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मग तुम्ही विकलेल्या प्रत्येक कपाटाला लागेल. आणि खरंच घरोघर जायला सुरुवात केली. काहींनी दारातूनच परत पाठवलं, काहींनी चहा दिला. मिस्त्रींच्या मुलीने मिस्त्रींच्या कपाटाला अँगल मारावा याची गल्लीला मोठी गंमत वाटत होती.

हे सगळं करूनही ज्याच्यासाठी चाललं होतं ते कपाट तसंच उभं होतं, आणि आई त्याच्याखाली.

बाबांच्या नकळत ते काम करणं सोपं होतं. ते कारखान्यात असताना कितीसा वेळ लागला असता. दादाने तसं सुचवलंही. पण मला ते करायचं नव्हतं. चोरून भोक पाडलं असतं तर त्यांनी ते पुन्हा बुजवलं असतं, आणि वर कपाट हललं नाही म्हणत फिरले असते. मला ते त्यांच्या डोळ्यांदेखत पाडायचं होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी बाबा नेहमीप्रमाणे चहा घेऊन आईजवळ बसले, तेव्हा मी ड्रिल आणि अँगलची पिशवी घेऊन आत गेले, वायर बोर्डात खुपसली आणि स्टूल कपाटाला लावलं.

बाबांनी कप खाली ठेवला. उठले, त्या मधल्या जागेत शिरले आणि दारांना पाठ लावून उभे राहिले. म्हणाले, आता माझ्यातून भोक पाडावं लागेल. मी म्हटलं, पाडते. आणि बटण दाबलं. ड्रिल मोकळ्या हवेतच गुरगुरत राहिलं, कारण पुढे काय करायचं ते मलाही माहीत नव्हतं.

आईने मला ते बंद करायला सांगितलं, आणि बाजूला हो म्हणाली. मला वाटलं, गेली तीसुद्धा त्यांच्या बाजूला. डोळ्यांत पाणी आलं, ते मी मनगटाने पुसलं आणि स्टुलावरून उतरले. इतके दिवस आम्ही दोघं तिच्यावरून भांडत होतो आणि कपाटाचं काय करायचं ते तिला कुणीच विचारलं नव्हतं, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं.

आई बाबांना म्हणाली, "हे पडणार नाही ना?"

"नाही."

"कशानेही?"

"कशानेही नाही."

"मग या कडेला उभे राहा, वरच्या पट्टीला हात घाला आणि ओढा. माझ्या अंगावर ओढा."

बाबा हसले. आई हसली नाही. ती म्हणाली की पेल्याची परीक्षा तुम्ही परक्या माणसांना देता, मला ही द्या. बाबांनी तिला वेडी झालीस का म्हणून विचारलं. ती नुसती बघत राहिली. आई अशी बघायला लागली की भाजीवालासुद्धा तराजू नीट धरतो.

बाबा कडेला गेले. हात उंचावून त्यांनी वरच्या पट्टीची कड धरली. मी पुढे सरकले, तशी आईने नजरेनेच मला थांबवलं. त्या माणसाच्या हातात किती जोर आहे ते मला माहीत होतं, आणि त्याच्या डोक्यात किती हट्ट आहे तेही. आई पाठीवर पडलेली, हात पोटावर, पांघरूण कंबरेपर्यंत, तोंड सरळ कपाटाकडे. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"ओढा," आई म्हणाली.

बाबांची बोटं पांढरी पडली. त्यांनी एक पाय मागे घेतला, पुन्हा पुढे घेतला. मग म्हणाले की पट्टी जुनी आहे, हातात निघून येईल. आई म्हणाली, येऊ दे. ते म्हणाले की आत सामान आहे. आई म्हणाली, असू दे, धक्का काही सामान काढून ठेवायला थांबत नाही. बाबा तसेच उभे राहिले. मग त्यांचे हात हळूहळू खाली आले आणि बाजूला लोंबायला लागले.

"मला नाही ओढवत," ते म्हणाले.

"का?"

त्यांनी तळहात एकमेकांवर चोळले.

"का ते सांगा. सगळ्या गल्लीला सांगत होतात ना, आता मला सांगा."

"पडेल," बाबा म्हणाले. "पडेल ते."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हरलेलं पाहिलं, आणि मला वाटलं होतं तसा काही आनंद झाला नाही. मी मान खाली घातली. आईने मात्र सोडलं नाही. तिचा आवाज चढला नव्हता, पण एकेक शब्द ती मोजून टाकत होती.

"मग वर्षभर मला याच्याखाली का झोपवलंत? त्या दिवशी तुम्ही धावत आलात. तुमचे पाय माझ्या कॉटला लागले होते, ते थरथरत होते, मला कळत होतं. तुम्ही आलात म्हणून मी वाचले असं मी कुणालाही सांगेन. पण तुम्हाला सगळं माहीत होतं. माहीत नसतं तर तुम्ही माझ्याजवळ आला असतात, कपाटाजवळ नाही."

बाबा कॉटच्या कडेवर बसले. आई म्हणाली की पुढच्या वेळी तुम्ही लाकूड आणायला गेलेले असाल, किंवा कान ऐकत नसतील, किंवा नसालच. तेव्हा याला कोण धरणार? बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला तिला थांबवावंसं वाटलं, पण तो तिचा हक्क होता, माझा नव्हे.

मग ती म्हणाली, "हे कपाट तुम्ही मला दिलं होतंत. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, कपाट माझं आहे. माझ्या कपाटाला कुठे भोक पाडायचं ते मी ठरवणार. उठा, तिला जागा द्या."

मी स्टूल पुन्हा लावलं आणि वर चढले. ड्रिलचं टोक भिंतीला टेकवलं, तोच खालून बाबा म्हणाले, तिथे नको. मी वळून पाहिलं. ते उठून उभे राहिले होते, डोळे लाल, पण नजर मिस्त्रीची. त्यांनी बोटाच्या पेराने भिंत वाजवत वाजवत नेली आणि एका जागी थांबले. तू धरली होतीस तिथे नुसता गिलावा आहे, आत पोकळ, इथे पक्की वीट आहे, असं म्हणाले. अँगल मागच्या पातळ फळीत नको, वरच्या जाड चौकटीत घे. आणि आधी हे रिकामं करा आणि मागे सरकवा, मध्ये चार बोटांची फट ठेवून आवळलंत तर स्क्रू वाकतील.

दादा आणि वहिनी आली. कपडे, डबे, कागदपत्रं, बाबांच्या जुन्या पटाश्या, सगळं काढून अंगणात नेऊन ठेवलं. ट्रंक माळ्यावर न टाकता जिन्याखाली जमिनीवर ठेवली. कॉट थोडा वेळ बाहेर काढू या असं मी म्हटलं, तर आई म्हणाली, माझं तोंड झाका आणि कामाला लागा. तोंडावर ओढणी घेऊन ती तिथेच पडून राहिली. बाबा, दादा आणि दोन कारागिरांनी मिळून कपाट मागे रेटलं. इतक्या वर्षांत कुणी ते पहिल्यांदाच जागेवरून सरकवलं, आणि खाली फरशीचा मूळचा रंग दिसला. मी भोकं पाडली. लाल भुकटी सगळ्यांच्या डोक्यावर पडत होती. बाबा खाली उभे राहून प्रत्येक स्क्रू मला हातात देत होते आणि प्रत्येक वेळी अजून अर्धा फेरा पिळ म्हणून सांगत होते. दारांना घट्ट बसणाऱ्या नव्या कड्या लावल्या. जड सामान खालच्या कप्प्यात गेलं, वर फक्त हलके कपडे.

काम संपलं तेव्हा बाबांनी खिशातून रुमाल काढून अँगलवरची धूळ पुसली. ते लोखंड त्या लाकडावर वाईट दिसत होतं, यात शंकाच नव्हती. त्यांनी ते पाहिलं, मी ते पाहताना त्यांना पाहिलं. दादा चहाचं बघतो म्हणून निघाला.

आईने ओढणी तोंडावरून काढली. भुकटीने तिच्या भुवया लाल झाल्या होत्या. तिने वर अँगलकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"आता ओढा."

मी म्हटलं, आई, पुरे झालं आता. ती म्हणाली, तुला नाही सांगत.

बाबा कडेला गेले. वरची पट्टी धरली, पाय रोवले आणि ओढलं. मनापासून ओढलं, मानेची शीर तटतटली, चप्पल फरशीवर घसरली, घशातून आवाज निघाला. वर्षभराचा, कदाचित आयुष्यभराचा सगळा राग त्या दोन हातांत उतरला होता. कपाट जागचं हललं नाही. आई डोळे उघडे ठेवून खाली पडून होती.

"अजून," ती म्हणाली, आणि बाबांनी पुन्हा ओढलं.